एका खिशावर चाललेला क्लब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका गावात मुलांचा फुटबॉल क्लब आहे. २०२० पर्यंत मे महिन्यातली स्पर्धा आणि एक ठेकेदार, या दोघांवर वर्ष निघायचं. कोविडात स्पर्धा बुडाली, ठेकेदाराने हात आखडला आणि क्लब अजून रांगतोय. आता मुंबईतले एक गाववाले वर्षाला पाच लाख द्यायला तयार आहेत. अटी दोन: क्लबला त्यांच्या कंपनीचं नाव आणि अध्यक्ष त्यांचा माणूस. प्रश्नकर्ते विचारतात की इंग्लंडातले खालच्या लीगमधले क्लब कोविडातून उठून उभे राहिले, मग आमच्यासारख्यांना काही भवितव्य आहे का? आणि हे पैसे घ्यावेत की नको?

माझा धंदा हिशेब लिहिण्याचा. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला या पट्ट्यातली देवस्थानं, वाचनालयं, ग्रामस्थ मंडळं, पतपेढ्या यांची खाती माझ्या टेबलावर येतात. शिवाय एका फुटबॉल क्लबचा मी १९ वर्षं खजिनदार आहे. खजिनदार म्हणजे आमच्याकडे ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो माणूस. तेव्हा पुढे लिहितोय त्यातला बराच भाग स्वतःच्या चुकांतून आलेला आहे.

तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो. कोविडाने तुमचा क्लब अडचणीत आला, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. क्लब आधीपासूनच एका माणसाच्या खिशावर उभा होता, कोविडाने तो खिसा फक्त उलटा करून दाखवला. म्हणून खरा प्रश्न पैसे कुठून येणार हा नाही. दरमहा द्यायचा शब्द तुम्ही कोणाच्या भरवशावर दिलाय, हा आहे.

इंग्लंडचंच बघा. बरी हा १८८५ सालचा क्लब, एफए कप हा तिथला मानाचा चषक १९०० आणि १९०३ असा दोनदा जिंकलेला. त्याला लीगमधून काढलं २७ ऑगस्ट २०१९ रोजी. तेव्हा कोविडाचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. आदल्या वर्षाच्या शेवटी तो क्लब एका पौंडाला विकला गेला होता. एका पौंडाला मिळणारी वस्तू बहुधा कर्जासकट मिळते, हे आपल्याकडे जुनी होडी विकत घेणारा कोणीही सांगेल. मॅकल्सफील्ड टाऊन सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाच्या हुकमाने बंद झाला, देणं पाच लाख पौंडांच्या वर. तो कोविडात गेला हे खरं, पण पगार थकवल्याबद्दल त्याचे गुण आधीच्या हंगामापासून कापले जात होते.

उलट मार्च २०२० मध्ये सामने थांबले तेव्हा अनेक जाणत्यांना वाटलं होतं की डझनभर क्लब तरी बुडतील. तिथे लीग पायऱ्यांनी रचलेल्या आहेत, सगळ्यात वर प्रीमियर लीग. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या क्लबला टीव्हीचे पैसे फार मिळत नाहीत. शनिवारी दाराशी तिकीट घेणारा माणूस, मध्यंतरात चहा-नाश्ता घेणारा माणूस, तोच त्यांचा खरा धनी. दार बंद झालं की आवक शून्य, आणि खेळाडूंचे करार मात्र चालूच. तरी डझनभर बुडाले नाहीत. का? सरकारने घरी बसवलेल्या कामगारांचा ८० टक्के पगार, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, आपल्या तिजोरीतून दिला. कर पुढे ढकलायला मुभा मिळाली. कित्येक प्रेक्षकांनी हंगामी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मालकांनी कर्जरूपाने पैसे घातले. आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रीमियर लीगने २५ कोटी पौंडांची मदत जाहीर केली; त्यातले ५ कोटी खालच्या दोन पायऱ्यांना आणि उरलेली रक्कम दुसऱ्या पायरीला कर्जाची सोय म्हणून.

हे सगळं वाचून ते क्लब ‘उठून उभे राहिले’ असं वाटतं. हिशेबनिसाच्या नजरेला ती उधारी पुढच्या पानावर ओढलेली दिसते. डार्बी काउंटी सप्टेंबर २०२१ मध्ये देणी भागेनात म्हणून नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. शेफील्ड वेन्सडेवर तीच पाळी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. मोरकॅम हे तर आपल्यासारखंच समुद्रकाठचं लहान गाव. तिथल्या क्लबचं लीगमधलं सदस्यत्व २०२५ च्या उन्हाळ्यात स्थगित झालं आणि ऐन ऑगस्टमध्ये नवे मालक आले म्हणून तो वाचला. या तिन्ही ठिकाणी तेव्हा प्रेक्षकांवर कोविडाची बंदी उरली नव्हती. आजारी होता तो मालकाचा खिसा.

पगारावर लगाम घालायचा प्रयत्नही झाला. ऑगस्ट २०२० मध्ये तिसऱ्या पायरीला २५ लाख आणि चौथीला १५ लाख पौंड अशी पगाराची कमाल मर्यादा क्लबांनी मतदानाने ठरवली. खेळाडूंच्या संघटनेने ती लवादापुढे नेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती रद्द झाली. मग पुन्हा जुनी अट, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच पगार. दुसऱ्या पायरीवर तर २०१८-१९ मध्ये, म्हणजे कोविडाच्या आधी, क्लब मिळकतीच्या १०७ टक्के पगारावर खर्च करत होते. शंभर रुपये मिळवायचे आणि एकशे सात पगारातच वाटायचे. आमच्या बाजारात अशा दुकानाला कोणी उधारीवर माल देणार नाही. शेवटी सरकारला जुलै २०२५ मध्ये कायदा करून वरच्या पाच पायऱ्यांसाठी स्वतंत्र नियामक नेमावा लागला.

आता आपल्याकडे येतो, कारण हा रोग मला पुस्तकातून कळलेला नाही.

२०१८ मध्ये आमच्या क्लबने एक कोच ठेवला, महिना १२,००० रुपयांवर. गोव्यात खेळलेला, परवानाधारक, मुलांवर जीव लावणारा. पैसे एक ठेकेदार देणार होते. कागद काही नाही, शब्द होता आणि दर महिन्याला चेक येत होता. दीड वर्ष सुरळीत चाललं. मार्च २०२० मध्ये फेब्रुवारीचा चेक आला तो शेवटचा. फोन केला तर ते म्हणाले, “भाऊ, माझीच बिलां अडकली आसत.” खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत आपण लगेच एक खलनायक शोधतो.

जुलैच्या शेवटी भर पावसात कोच माझ्या घरी आला. पडवीत रेनकोट काढला, भिजून नाकाला चिकटलेला मास्क सोडवला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक वही काढली. मुलांची हजेरी. २१ मार्चपर्यंत मैदानावरची, आणि त्यानंतरची निळ्या शाईऐवजी लाल शाईत. व्हॉट्सअ‍ॅपवर तो मुलांना अंगणातले व्यायाम पाठवत होता, मुलं व्हिडिओ करून परत पाठवत होती आणि ज्याचा व्हिडिओ आला त्याच्या नावापुढे तो लाल टिंब देत होता. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि चहा पीत बसला.

मार्च ते जुलै, पाच महिने, ६०,००० रुपये. क्लबच्या खात्यात तेव्हा नऊ हजार आणि काही शे. आम्ही जनरेटर विकला. मे महिन्यातल्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेसाठी हौसेने घेतलेला. लॉकडाऊनमध्ये जनरेटर घेतो कोण? एका बर्फवाल्याने ५५,००० ला उचलला. वरचे पाच हजार कार्यकारिणीने आपसात काढले. कोचचे पैसे फिटले आणि तो गोव्याला निघून गेला. पण जनरेटर गेला म्हणून रात्रीची स्पर्धा गेली, रात्रीची स्पर्धा गेली म्हणून दुकानदारांचे फलक गेले आणि फलक गेले म्हणून पुढची तीन वर्षं नवे किट घेता आले नाहीत. एका शब्दाची किंमत आम्ही अशी चुकवली.

त्या दोन वर्षांत कोकणावर नुसता कोविड नव्हता, हेही लक्षात घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडची वाट लावली, मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. ज्याच्या घरावर कौल राहिलं नाही, ज्याची आंब्या-काजूची झाडं आडवी झाली, त्याच्याकडे पावती पुस्तक घेऊन जायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि आपली स्पर्धा, जत्रा, वर्गणी सगळं चाकरमानी गावी येतात त्या दिवसांवर बांधलेलं. २०२० च्या मे महिन्यात तेच चाकरमानी गावच्या शाळेत विलगीकरणात होते. म्हणजे ‘एका खिशावर’ हे जसं माणसाला लागू आहे, तसं ‘एका महिन्यावर’ हेही आपल्याला लागू आहे.

तर मी आता खर्चाची दोनच खाती मांडतो. एक बांधलेला खर्च: कोचचं मानधन, मैदानाचं भाडं, जो सामना होवो न होवो द्यावाच लागतो. दुसरा मोकळा: किट, बॉल, टेम्पोचं भाडं, बक्षिसं, मंडप. पैसे नसतील त्या वर्षी मोकळा खर्च शून्य करता येतो, क्लब मरत नाही. मुलं जुन्या जर्सीत खेळतात. म्हणून माझा नियम एकच: बांधलेला खर्च फक्त सभासदांच्या वर्गणीतून. स्पॉन्सर, स्पर्धेची प्रवेश फी, आमदार निधी, कोणी खुशीने दिलेले पाच हजार, हे सगळं मोकळ्या खात्यात.

आकड्यात बघू. समजा तुमचे ६० सभासद महिना १०० रुपये देतात. गावातले थोडे, मुंबई-पुण्यातले जास्त. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय झाल्यापासून हे काम खूपच सोपं झालंय. वर्षाचे ७२,००० झाले. तुम्हाला १०,००० चा कोच हवा आणि मैदानाला महिना २,००० भाडं, म्हणजे वर्षाला १,४४,०००. निम्मी तूट. पाच लाखांच्या स्पॉन्सरखाली ही तूट झाकली जाते, दिसत नाही, आणि तो गेला की एकदम तोंडावर येते. त्याऐवजी कोच आठवड्यातून तीन दिवस ५,००० वर ठेवा. वर्षाचे ६०,००० आणि भाड्याचे २४,०००, म्हणजे ८४,०००. तूट १२,००० ची, म्हणजे दहा नवे सभासद. दहा माणसं गणपतीत एका संध्याकाळी मिळतात. मिळत नसतील, तर गावाला क्लब किती हवाय याचंही उत्तर तुम्हाला मिळालं. आणि सहा महिन्यांचा बांधलेला खर्च, इथे ४२,०००, मुदत ठेवीत. दोन सह्यांशिवाय मोडता येणार नाही अशी.

पाच लाख नाकारायचे का मग? अजिबात नाही. कोकणात पाच लाख देणारा माणूस रोज भेटत नाही. पण अटींबद्दल बोला. कंपनीचं नाव स्पर्धेला द्या, जर्सीवर छातीभर द्या, मैदानाच्या कडेला फलक लावा. क्लबचं नाव देऊ नका. त्या नावावर तुमचे सभासद, नोंदणी, जुने चषक उभे आहेत, आणि कंपनी गेल्यावर नाव परत मागायला जावं लागतं. मुंबईत महिंद्रा युनायटेड हा एवढा मोठा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. कंपनीने संघ बंद करायचं ठरवलं आणि विषय संपला. पंजाबच्या जेसीटीचं २०११ मध्ये तेच झालं. दोन्ही नावं कंपनीची होती, मागे उरणारं गाव नव्हतं.

याच्या उलट गोव्यातला डेंपो. तोही उद्योगघराण्याचाच, पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातल्याच क्लबांबरोबर तो आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या पुढच्या रूपातून, बाहेर पडला, आयएसएल (इंडियन सुपर लीग) या नव्या स्पर्धेला वरचं स्थान देण्याच्या आराखड्यावरून. पण त्यांनी कुलूप लावलं नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले आणि २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये चढले. पायरी खाली उतरून टिकता येतं, हे आपल्या शेजारीच घडलंय. आमच्याकडे मात्र पायरी उतरणं म्हणजे नाक कापलं जाणं, आणि त्या नाकापायी दरवर्षी बाहेरचे चार खेळाडू सामन्यागणिक पैसे देऊन आणायचे. हा खर्च कोणत्या खात्यात घालावा हे मला अजून सुचलेलं नाही.

अध्यक्षपदाची अट जास्त गंभीर आहे. तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर अध्यक्ष ‘दिला’ जात नाही, घटनेप्रमाणे निवडला जातो, आणि बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा मंडळांतल्या सात-आठ जणांचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं दिलेलेच नसतात. कागदावर अजून स्वर्गवासी झालेले अध्यक्ष कारभार बघत असतात. अशा स्थितीत नवा माणूस आला की बँक सही बदलून देत नाही आणि भांडण सुरू होतं. देणगीदारांना सल्लागार म्हणून घ्या, हवं तर प्रमुख आश्रयदाते म्हणा, पत्रिकेत सगळ्यात वर नाव छापा. सहीचा अधिकार देऊ नका. नोंदणीच नसेल तर पाच लाख कोणाच्या खात्यात घेणार, हा पहिला प्रश्न.

पैसे वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी मागा, महिन्याच्या चेकवर नको. आणि एक पानाचं पत्र घ्या. गाववाल्यांकडून कागद मागायला लाज वाटते, मला माहीत आहे. मलाही वाटली होती, २०१८ मध्ये.

आता मैदान, ज्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्लबकडे पैसा नसेल तर तो झोपतो. मैदान गेलं तर मात्र परत उठत नाही. लंडनमधल्या विम्बल्डनच्या लोकांनी २००२ मध्ये, त्यांचा जुना क्लब दुसऱ्या शहरात हलवला गेला तेव्हा, स्वतःचा क्लब काढला आणि मूळ मैदान जिथे होतं त्या प्लाऊ लेनवर परतायला त्यांना नोव्हेंबर २०२० उजाडला. मॅकल्सफील्डचा जुना क्लब बुडाला, पण मैदान एका स्थानिक उद्योजकाने घेतलं, म्हणून नवा क्लब २०२१ मध्ये नवव्या पायरीवरून का होईना त्याच मैदानावर सुरू झाला.

आपल्याकडे गवत कमी आणि जांभा जास्त, पण प्रश्न तोच. ‘मैदान गावचंच आहे’ असं सगळे सांगतात. सातबारा काढला की त्यावर ३२ नावं निघतात, त्यातली दहा मयत, पाच मुंबईला, एक मस्कतला, आणि इतर हक्कात कुळाची नोंद. गोव्याला विमानतळ आणि महामार्गाचं काम झाल्यापासून या पट्ट्यातल्या जमिनीला भाव आलाय. जो काका ३० वर्षं “खेळा रे पोरांनो” म्हणत होता, त्याचा मुलगा दलालाला घेऊन मोजणीला येतो. हे मी तीन क्लबांच्या बाबतीत पाहिलंय. जमीन ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल. खाजगी असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, भाडं नाममात्र असलं तरी. फुकट वापर हा सगळ्यात महागडा. पाच लाखांतला पहिला रुपया मी या कागदावर घालीन, वकिलाच्या फीसकट.

दोन गोष्टी उरल्या, त्या पटकन सांगतो. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च: त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं, पण त्यासाठी संस्थेची प्राप्तिकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी) आणि सीएसआर-१ चा अर्ज लागतो. कागद तयार ठेवा, पण त्या पैशावर आज काही बांधू नका. खेळाडू तयार करून विकणं: एक्झिटर सिटी हा चाहत्यांच्या मालकीचा क्लब, त्यांनी घडवून ब्रेंटफर्डला विकलेला ऑली वॉटकिन्स २०२० मध्ये तिथून ॲस्टन व्हिलाला गेला तेव्हा करारात राखलेला वाटा त्यांना नेमका कोविडात मिळाला. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमात आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतला ५ टक्के वाटा खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना जातो. म्हणून मुलांची नोंदणी त्या त्या वर्षी नीट करा, आणि मग ते पैसे येतील हे विसरून जा.

तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टी ठाऊक नाहीत आणि उत्तर त्यांवर बदलेल: संस्था नोंदलेली आहे का, कोचला आज दरमहा काही देता का, आणि मैदान कोणाच्या नावावर आहे. पहिल्या दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर घाबरू नका, कोरी पाटी आहे. सातबारा ऑनलाइन मिळतो, आजच काढा. मुंबईच्या गाववाल्यांना उत्तर द्यायच्या आधी त्यावर किती नावं निघाली ते मोजून इथे लिहा, कुळाची नोंद असेल तर तीही. भाडेकराराच्या मसुद्याचं त्यानंतर बोलू.